फुल्यांचे कॅलेंडर

कळव्याहून ठाण्याला निघालेली गाडी खाडी ओलांडते. पलीकडच्या गावात 1901 साली उघडलेले मनोरुग्णालय आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मुंबईकरांची जुनी थट्टा; आम्ही कळवेकर तर रोजच तिकडे जाणारे! पण शाळेतील एक सहकारी विषण्णतेने खचले, तेव्हा ही थट्टा नकोशी झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि सांगितले, ‘गुण यायला चार आठवडे तरी लागतील.’ त्यांच्या पत्नी कॅलेंडरवर रोज एक फुली मारीत. चार आठवडे का, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

या प्रश्नाचा एक धागा मुंबईतच सापडतो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली 50 रुग्णांच्या अनुभवावरून ब्रिटिश नियतकालिकात मांडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातले रेसर्पिन वेगळे केले. ते घेणारे काही जण मात्र अकारण खिन्न होऊ लागले. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिता करते, असे पुढे दिसले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील क्षयरोगी इप्रोनियाझिड घेऊन उल्हसित झाले. ते ही रसायने मोडू देत नव्हते. एकाने मन बुडाले, दुसऱ्याने तरंगले! तेव्हा विषण्णता म्हणजे या रसायनांचा तुटवडा, असे ठरले व गोळ्या निघाल्या. परंतु रसायन काही तासांत वाढे आणि मन उजळायला आठवडे लागत. हिशेब कुठेतरी चुकत होता.

1962 साली अमेरिकेत तयार झालेले केटामीन हे भुलीचे औषध. 2000 साली येलच्या डॉक्टरांनी मोजक्या विषण्ण रुग्णांना त्याची अल्प मात्रा दिली. तीन दिवसांत उतार दिसला. 2006 च्या प्रयोगात, इतर औषधांना न जुमानणाऱ्या बहुतेक रोग्यांना एका दिवसात आराम पडला. केटामीनची वाट वेगळी आहे : ते ग्लुटामेट या रसायनाचे एक द्वार अडवते. 2010 मध्ये उंदरांच्या मेंदूत एका दिवसात मज्जापेशींना नवे अंकुर फुटलेले आढळले. माणसात नेमके हेच घडते काय, याविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहेत. शिवाय एका मात्रेचा गुण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो, भ्रम होतो, व्यसनाची भीती असते. म्हणून 2019 साली अमेरिकेने मंजूर केलेला त्याच्या भावंडाचा, एस्केटामीनचा, नाकातला फवारादेखील डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो.

आमच्या सहकाऱ्यांना जुन्याच गोळ्यांनी सहाव्या आठवड्यात गुण आला. तोवरच्या एकाही रात्री त्यांची पत्नी स्वस्थ झोपली नव्हती.