चेनसॉचे इंजिन आणि प्रतिकृती विमाने

झाडावर चढलेला लाकूडतोड्या चेनसॉ कधी आडवी धरतो, कधी खालून वर नेतो, तर कधी जवळजवळ उलटी करतो. तरीही तिचे इंजिन बंद पडत नाही. मोटारसायकलचे इंजिन असे उलटे केले, तर थोड्याच वेळात त्याचा इंधनपुरवठा बिघडतो. वजनाला हलके, हाताला पेलणारे आणि कोणत्याही स्थितीत चालणारे इंजिन ही जंगलातली गरज होती. कोलांट्या घेणाऱ्या प्रतिकृती विमानाची गरजही हीच असते. त्यामुळे चेनसॉचे इंजिन विमानाला बसवणे हा एक स्वतंत्र छंद आणि पुढे छोटा उद्योग झाला.

प्रतिकृती विमानांना पेट्रोल नवे नव्हते. अमेरिकेत १९३४ पासून विकले जाणारे ‘ब्राउन ज्युनिअर’ हे सुमारे १० सीसीचे इंजिन पेट्रोलवर आणि ठिणगीवर चालत असे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. तापलेल्या तारेने मिथेनॉल पेटवणाऱ्या या प्लगमुळे कॉइल आणि बॅटरीचे ओझे गेले आणि पेट्रोल मागे पडले. मात्र विमाने मोठी होऊ लागली, तसे मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन यांचे महागडे मिश्रण परवडेनासे झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ८० इंच किंवा त्याहून अधिक पंखविस्ताराच्या ‘जायंट स्केल’ विमानांचा प्रसार सुरू झाला, तेव्हा हौशी कारागिरांची नजर चेनसॉकडे वळली. चेनसॉ बनवणाऱ्या जपानच्या झेनोआ कंपनीची ३८ आणि ६२ सीसीची इंजिने पुढे प्रतिकृती विमानांसाठीही विकली जाऊ लागली.

काय काढायचे, काय ठेवायचे

रूपांतराचा पहिला टप्पा वजाबाकीचा असतो. करवतीची पट्टी, साखळी, क्लच, साखळीला तेल देणारा पंप, हँडल, दोरीचा स्टार्टर आणि पंख्याचे आवरण निघते. उरतात ते सिलिंडर, पिस्टन, क्रँककेस आणि कार्ब्युरेटर. चेनसॉचा क्रँकशाफ्ट बहुधा दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर तोललेला असतो, ही जमेची बाजू. गवत कापण्याच्या अनेक स्वस्त यंत्रांत तो एकाच बाजूने आधारलेला असतो. अशा शाफ्टवर मोठ्या प्रोपेलरचा भार टाकणे धोक्याचे असते.

प्रोपेलर कोणत्या टोकाला बसवायचा, हा प्रश्न फिरण्याच्या दिशेशी बांधलेला आहे. चेनसॉचा शाफ्ट क्लचच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तर फ्लायव्हीलच्या बाजूने पाहिल्यास उलट. बाजारात सहज मिळणारा प्रोपेलर समोरून पाहता काट्यांच्या उलट फिरण्यासाठी घडवलेला असतो. म्हणून तो फ्लायव्हीलच्या बाजूला बसवणे सोयीचे ठरते.

मूळ फ्लायव्हील ठेवले, तर त्यातील चुंबकावर ठिणगी मिळते आणि बॅटरी लागत नाही. पण वजन वाढते. लेथवर त्याच्या पात्या उतरवून ते हलके करता येते. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा. प्रोपेलरच्या हबमध्ये लहान चुंबक आणि त्याच्यासमोर सेन्सर बसवतात. हाताने फिरवून सुरू करताना हे इग्निशन ठिणगी उशिरा देते, त्यामुळे उलटा झटका बसण्याचा संभव कमी होतो. वेग वाढला की ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या साधारण २८ अंश आधी पडते.

इंधन आणि हवा

चेनसॉच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट नसून पातळ पडदा असतो. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर चालणारा छोटा पंप टाकीतून इंधन ओढतो. विमान पालथे झाले, तरी पुरवठा चालू राहतो. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण १:३२ ते १:५० असते, म्हणजे दोन-तीन टक्के. ग्लो इंजिनाच्या इंधनात ते त्याच्या कित्येक पट असते.

थंडाव्याकडे मात्र नव्याने लक्ष द्यावे लागते. आवरण आणि पंखा काढल्यावर सिलिंडरवर हवा ढकलणारे काही उरत नाही. इंजिन विमानाच्या नाकात झाकले असेल, तर येणारी हवा सिलिंडरच्या पात्यांमधूनच जाईल अशा पट्ट्या बसवाव्या लागतात. ठिणगीमुळे रेडिओ-नियंत्रणात व्यत्यय येऊ नये, म्हणून रेझिस्टर असलेला प्लग आणि धातूच्या जाळीत गुंडाळलेली तार वापरतात.

काटकसर कुठे थांबावी

जुनी चेनसॉ भंगारातून स्वस्तात मिळते, पण हब आणि बोल्ट यांत काटकसर चालत नाही. ५० सीसीच्या इंजिनावरचा २२ इंची प्रोपेलर मिनिटाला ७,००० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ७३५ किलोमीटर असतो. वाकडा हब, तडा गेलेले पाते किंवा सैल बोल्ट जिवावर बेतू शकतो. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर अचूक बसलेला असावा, प्रोपेलर तोलून घेतलेला असावा आणि इग्निशन बंद करणारी कळ बाहेरून हाताशी असावी. इंजिन सुरू करताना विमान दुसऱ्या व्यक्तीने घट्ट धरावे किंवा बांधून ठेवावे आणि प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये.

भारतात अशी विमाने ‘ड्रोन नियम, २०२१’च्या कक्षेत येतात. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या दूरनियंत्रित विमानांना त्यांत ‘मॉडेल’ म्हटले आहे. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या गोव्यात उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा नकाशा तपासणे अनिवार्यच ठरते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही.