बॅटरीची बदनामी

गाडीतच संसार थाटून निघालेल्यांचा दिवा रात्री मंदावला, की पहिली शिवी बॅटरीला. बिचारी! १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्लातून ती घडवली. बहुतेक गाड्यांत मूळ रसायन आजही तेच. बदलला तो तिला भरणारा. जुना डायनामो इंजिन मंद झाले की हात टेकायचा. १९६० च्या दशकात परदेशात अल्टरनेटर रुळला, आपल्याकडे उशिरा. मग गर्दीत रखडलेली गाडीही बॅटरी भरू लागली.

तेव्हा आधी मीटर लावा. इंजिन बंद असताना साडेबारा, सुरू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. आकडा हलत नसेल तर पट्टा सैल असेल, नाहीतर टर्मिनलवर पांढरा थर असेल. नागपुरात पाणीही उडते; मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचे क्षार आतल्या पट्ट्या खातात.