आधी प्रवासी, मग गाडीवाले

अवकाशाचा विषय निघाला की एक आकडा हमखास येतो: १०४. १५ फेब्रुवारी २०१७ ला इस्रोच्या पीएसएलव्हीने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. विक्रम मोठा होता, वादच नाही. पण त्यातले ९६ उपग्रह अमेरिकेचे होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मग मला प्रश्न पडतो: आज दुसरे आपल्या रॉकेटात बसतात, तसे आपण कधी दुसऱ्याच्या रॉकेटात बसलो होतो का?

बसलो होतो. आणि ती गोष्ट जास्त धाकधुकीची आहे.

१८ जुलै १९८० ला आपल्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. वजन साधारण ३५ किलो. त्याच काळात इस्रोत 'ॲपल' नावाचा दळणवळण उपग्रह तयार होत होता, त्याचं वजन ६७० किलो! तो उचलणारं रॉकेट आपल्याकडे नव्हतंच.

युरोप तेव्हा एरियान रॉकेटच्या चाचण्या घेत होता. अशा एका चाचणी-उड्डाणात आपल्याला फुकट जागा मिळाली. फुकट का? तर रॉकेट भरवशाचं आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. मे १९८० मध्ये एरियानचं दुसरं उड्डाण फसलं. त्यात हौशी रेडिओवाल्यांनी बनवलेला एक उपग्रह होता, तो अटलांटिकमध्ये गेला. आणि आपली जागा तिसऱ्या उड्डाणात होती.

ॲपलचा बैलगाडीवरचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो अनेकदा गरिबीचा फोटो म्हणून फिरवला जातो. खरं कारण तांत्रिक होतं. अँटेनाच्या चाचणीत आजूबाजूच्या धातूचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी.

१९ जून १९८१ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान उडालं. सोबत होता मेटिओसॅट-२, युरोपचा हवामान उपग्रह. त्याने ढगांची चित्रं घ्यायची, ॲपलने दळणवळणाचे प्रयोग करायचे. वडापच्या जीपने गेलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. एक जण बाजाराला निघालेला, एक कोर्टाच्या तारखेला, एक लेकीच्या घरी. कामं वेगळी, पण गाडी एक, रस्ता एक, आणि टायर फुटला तर खोळंबा सगळ्यांचाच.

गाडीने सोडलं तेही फाट्यावर. एरियानने दोघांना लांबट कक्षेत सोडलं, तिथून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत ज्याने त्याने आपल्या मोटरने जायचं. ॲपलची ती मोटर एसएलव्ही-३ च्या चौथ्या टप्प्यावरून बनवलेली होती. म्हणजे ३५ किलोवाल्या रॉकेटने कमावलेलं ज्ञान इथे कामाला आलं. पुढे एक सौर पंख उघडलाच नाही, तरीही आपल्या लोकांनी ॲपल दोन वर्षांहून जास्त चालवला.

मग पारडं फिरलं. २६ मे १९९९ ला पीएसएलव्हीने आपल्या ओशनसॅटबरोबर दक्षिण कोरियाचा किटसॅट-३ आणि जर्मनीचा टबसॅट नेला, भाडं घेऊन. ओशनसॅटचं काम समुद्राच्या पाण्याचा रंग टिपण्याचं. त्या रंगावरून माशांचं खाद्य कुठे आहे, म्हणजे मासळी कुठे मिळेल, याचा अंदाज बांधता येतो.

आता २२ जून २०१६ चं उड्डाण बघा. प्रवासी २०. मुख्य पाहुणा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह, ७२७.५ किलोचा, जमिनीची बारकाईने छायाचित्रं घेणारा. जर्मनीचा बिरोस आगी, वणवे शोधणारा. कॅनडाचे दोन: एक समुद्रातल्या जहाजांचे संदेश टिपणारा, दुसरा हवेतले हरितगृह वायू मोजणारा. आणि या सगळ्यांत पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्', जेमतेम एक किलोचा! हौशी रेडिओवरून संदेश पोचवायचा, आणि दिशा सांभाळायला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आधार घ्यायचा, हे त्याचं काम.

एक किलोसाठी वेगळं रॉकेट कोण उडवणार? कुणीच नाही. अर्थात या सोयीलाही किंमत आहे. कक्षा कुठली आणि निघायचं कधी, हे मुख्य पाहुण्याच्या सोयीने ठरतं. त्याला उशीर झाला की बाकीचे थांबतात. पण कुणीतरी शेजारी जागा दिली म्हणूनच ॲपल गेला, आणि ३५ वर्षांनी स्वयम् गेला. म्हणून १०४ चा अभिमान बाळगाच, पण त्याच्या आधी १९८१ चं ते फुकटचं तिकीटही सांगत चला. ते घेताना आपल्या लोकांनी केवढी जोखीम पत्करली होती, हे पुढच्या पिढीला कळायला हवं.