ग्लायडर दिक्चालनातील वेपॉइंट नोंदी

हातच्या उंचीत कोणती धावपट्टी गाठता येईल, हे ग्लायडर वैमानिकाला सांगणाऱ्या आज्ञावलीला पुरवलेली स्थळांची यादी. ‘एक्ससीसोअर’, ‘सीयू’ यांसारख्या आज्ञावल्या ती ‘कप’ फाइलमधून वाचतात. प्रत्येक ओळीत नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, स्थळाचा प्रकार, धावपट्टीची दिशा व लांबी असते.

अक्षांश अंश-मिनिटांत भरतात. १९.१७ अंश म्हणजे १९ अंश १०.२ मिनिटे, ते १९ अंश १७ मिनिटे असे भरले, तर अंबरनाथ-बदलापूरच्या अक्षांशावरची खूण साडेबारा किलोमीटर उत्तरेला, उल्हासनगरच्याही पलीकडे सरकते. ३०:१ या गुणोत्तराने तरंगणाऱ्या ग्लायडरला उंचीतली १०० मीटरची चूक ३ किलोमीटर कमी पाडू शकते.

सर्वांत घातक असतात बंद पडलेल्या धावपट्ट्या. अंबरनाथजवळची नेवाळीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन बांधली. युद्ध संपले, विमाने गेली. जमिनीचा वाद राहिला आणि जून २०१७ मध्ये आंदोलन पेटले. जुन्या नकाशावरून अशी जागा ‘पक्की धावपट्टी’ (प्रकार ५) म्हणून उचलली, की आज्ञावली तिच्या भरवशावर उतरण्याचा हिशेब मांडते. अशा जागेची नोंद साधी खूण (प्रकार १) म्हणून करणे हाच जबाबदार संपादकाचा मार्ग.

यादीत वळणखुणाही असतात, म्हणजे मार्ग जिथे वळवायचा त्या जागा. अशी खूण म्हणून बदलापूरजवळच्या बारवी धरणाची भिंत जलाशयाच्या काठापेक्षा बरी. काठ उन्हाळ्यात मागे हटतो.