आधी कोणाचे पान वाढावे?

१९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एक चमत्कारिक प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांत अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. त्यांना जोडणाऱ्या संगणकजाळ्यातून सेकंदाला ३२ हजार बिट वाहत असत, ते एकाएकी ४० वर आले. म्हणजे सेकंदास अवघी पाच अक्षरे! चार पानी पत्र घेऊन चालत निघालेला माणूस त्याहून आधी पोचता. पोच न मिळालेला मजकूर प्रत्येक संगणक पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे, आणि गर्दीत आणखी मजकूर गळे. पोच थांबली की पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यावा, हा उपाय व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला.

गर्दी आटोक्यात आली. पंगतीत आधी कोणाचे पान वाढावे, हा प्रश्न मात्र उरला. १९८१ च्या इंटरनेट-नियमांत प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर अग्रक्रमासाठी तीन बिट राखलेले होते. परंतु आपल्याच मजकुरावर सर्वोच्च क्रम लिहिणाऱ्याला अडवणार कोण? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे जाळे तेव्हा सेकंदाला ५६ हजार बिटांच्या तारांवर चाले. तेथील राउटरांचे रचनाकार डेव्हिड मिल्स यांनी फारसा गाजावाजा न करता, दूरच्या संगणकावर कळफलकाने काम करणाऱ्यांना पुढे काढले आणि फायलींना मागे ठेवले. निवड शहाणपणाची होती. पण ती एका अभियंत्याची होती.

१९९७ मध्ये प्रत्येक संभाषणासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर जागा राखण्याची पद्धत निश्चित झाली. मोठ्या जाळ्यांना एवढ्या नोंदी झेपेनात. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये सोपा मार्ग आला: सीमेवरच पॅकेटला वर्गाचा शिक्का मारावा, आत केवळ शिक्का पाहावा. जानेवारी २००० मधील ‘कॉप्स’ या नियमावलीने पुढचे पाऊल टाकले. राउटरने विचारावे, धोरण-संगणकाने निर्णय द्यावा, राउटरने तो अमलात आणावा. ‘कॉप्स’ पुढे मागे पडली. निर्णय आणि अंमल यांची फारकत मात्र आजच्या मोबाइल जाळ्यांतही आहे. मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे अग्रक्रमाचा निर्णय लेखी, तपासता येणारा नियम झाला.

मग तो लिहायचा कोणी? भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास बंदी केली. जुलै २०१८ मध्ये सरकारने मजकूर अडवणे व मंदावणे निषिद्ध मानणारे तत्त्व स्वीकारले. विशेष सेवा आणि ‘वाजवी’ वाहतूक-व्यवस्थापन यांना त्यात सूट आहे. खरी भांडणे आता त्या ‘वाजवी’ शब्दावर होतात.