गोखल्यांची मते आणि वरिष्ठ कायदेकौन्सिल

गोपाळ कृष्ण गोखले मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून 1902 मध्ये वरिष्ठ कायदेकौन्सिलात गेले आणि 1915 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथले सभासद राहिले. या काळातल्या त्यांच्या मतांची नुसती मोजदाद केली, तर पराभवांची एक लांबलचक यादी हाती येते. त्यांनी विरोध केलेले महत्त्वाचे कायदे बहुतेक संमत झाले आणि त्यांनी मांडलेले सर्वांत मोठे विधेयक पडले. तरीही त्या कौन्सिलातला सर्वांत प्रभावी हिंदी सभासद म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक मत कोणत्या प्रकारच्या प्रस्तावावर पडले, त्या प्रस्तावाला नियमांनी किती वाव ठेवला होता आणि समोरच्या बाकांना स्वतःच्या बुद्धीने मत देता येत होते का, हे पाहिल्यावरच त्या यादीचा अर्थ लागतो.

1861 च्या कायद्याने घडवलेल्या कौन्सिलाला कायदे करण्यापलीकडे काम नव्हते. प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. सार्वजनिक कर्ज, महसूल, धर्म, सैन्य आणि परराष्ट्रसंबंध यांना स्पर्श करणारे विधेयक गव्हर्नर जनरलच्या पूर्वसंमतीशिवाय कोणाही सभासदाला मांडता येत नसे. 1892 च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क दिला. अंदाजपत्रकावर मत देण्याचा मात्र दिला नाही. वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाने आपले भाषण करावे, अर्थखात्याच्या सभासदाने उत्तर द्यावे आणि विषय संपावा, अशी ती पद्धत होती.

म्हणून गोखल्यांच्या पहिल्या काही वर्षांतल्या सर्वांत वजनदार कामगिरीची मतांच्या नोंदीत एक ओळही नाही. 26 मार्च 1902 रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. दुष्काळ आणि प्लेगने देश पिचलेला असताना खजिन्यात शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवले. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. दरवर्षी गोखले त्याच मुद्द्यावर परत येत राहिले. 1903 मध्ये कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर आणि 1907 मध्ये एका रुपयावर. कपातीचे सगळे श्रेय एका माणसाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण खजिन्याची स्थिती सुधारलेली होती आणि सरकारचीही आपली गणिते होती. पण कपातीची मागणी आकड्यांनिशी सतत पुढे ठेवणारा आवाज त्यांचाच होता, याविषयी शंका नाही.

विधेयकांवर मात्र मत देता येत होते, आणि तिथे चित्र वेगळे होते. विधेयक मांडले जाई, गॅझेटात छापले जाई, प्रांतिक सरकारांकडे व संस्थांकडे अभिप्रायासाठी जाई, मग सिलेक्ट कमिटीत त्याची कलमवार छाननी होई आणि शेवटी दुरुस्त्यांवर व संपूर्ण मसुद्यावर मत घेतले जाई. या पायऱ्यांपैकी बिनसरकारी सभासदाच्या उपयोगाची पायरी सिलेक्ट कमिटीची होती. भर कौन्सिलात सरकारी सभासद सरकारच्याच बाजूने हात वर करत. कमिटीच्या खोलीत मात्र एखाद्या कलमाची धार कमी करून घेता येत असे. सरकारी गुपितांचे विधेयक आणि 1904 चा विद्यापीठ कायदा या दोन्ही वेळी गोखल्यांनी तत्त्वाला विरोध केलाच, शिवाय कलमागून कलम दुरुस्त्या मांडल्या. त्यातल्या बहुतेक नामंजूर झाल्या. नोव्हेंबर 1907 मध्ये सिमल्याला राजद्रोही सभांचा कायदा संमत झाला, तेव्हाही त्यांनी आणि रासबिहारी घोष यांनी विरोध नोंदवला. कायदा होणार हे दोघांनाही ठाऊक होते.

त्याआधीचा एक प्रसंग मुंबई कौन्सिलातला आहे. 1901 मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा चालू होती. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी हस्तांतराचा हक्क न देता पुन्हा लागवडीला द्याव्यात, असा तिचा रोख होता. घाई करू नये ही सूचना फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. गोखलेही त्यांत होते. मतांची संख्या ठरलेली असेल तर गैरहजेरी हीसुद्धा नोंद होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. पुढे वरिष्ठ कौन्सिलात मात्र गोखल्यांनी हा मार्ग सहसा वापरला नाही. बसून राहणे, बोलणे आणि हरणे त्यांनी पत्करले.

1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी वरिष्ठ कौन्सिल मोठे केले आणि 27 जागा निवडून येणाऱ्यांना दिल्या. सरकारी सभासदांचे बहुमत मात्र जाणूनबुजून कायम ठेवले. खरा बदल ठरावांच्या हक्कात झाला. सार्वजनिक हिताच्या विषयावर सभासदाला ठराव मांडता येऊ लागला आणि त्यावर मतविभागणीही मागता येऊ लागली. ठराव ही फक्त शिफारस होती, संमत झाला तरी सरकारवर त्याचे बंधन नव्हते. पण फेटाळायचा झाला तर सरकारला कारणे देऊन, सर्वांसमोर, नावानिशी मत द्यावे लागे.

25 फेब्रुवारी 1910 रोजी गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळसाठी होणारी गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांची भरती थांबवण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला, त्यासाठी कायद्यात बदल केला आणि 1 जुलै 1911 पासून नाताळची भरती बंद झाली. 4 मार्च 1912 रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि गिरमिटाची पद्धतच रद्द करावी असा ठराव आणला. तो पडला. चार वर्षांनी मदनमोहन मालवीयांनी तीच मागणी मांडली, तेव्हा लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने ती तत्त्वतः मान्य केली. 1912 च्या पराभवाने प्रश्न संपला नव्हता, कागदावर चढला होता.

त्यांच्या नोंदीतले एक मत अनेकांना खटकते. 1910 च्या वृत्तपत्र कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, तर मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू विरोधात राहिले. सामान्य काळात आपण याला विरोधच केला असता, पण परिस्थिती असामान्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. तिचे समर्थन करणे कठीण आहे. त्या कायद्याने पुढे देशी वृत्तपत्रांकडून जामिनाच्या रकमा उकळल्या आणि कित्येक छापखाने बंद पडले. गोखल्यांचा आदर करणाऱ्यानेही हे मत झाकून ठेवू नये.

शिक्षणाच्या विधेयकात मात्र ही सगळी यंत्रणा एकाच वेळी दिसते. मार्च 1910 मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव मांडला आणि सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. वर्षभरात शिक्षणाचे स्वतंत्र खाते झाले आणि हार्कोर्ट बटलर त्याचे सभासद झाले. सक्तीविषयी मात्र काहीच झाले नाही. मग 16 मार्च 1911 रोजी त्यांनी स्वतःचे विधेयक आणले.

मसुदा विलक्षण सावध होता. सक्ती कोणावरही थेट लादलेली नव्हती. एखाद्या म्युनिसिपालटीने किंवा जिल्हा लोकल बोर्डाने ठरवले, त्या भागातली ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत असली आणि सरकारने परवानगी दिली, तरच 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठवणे बंधनकारक होणार होते. मुलींचा समावेश नंतर करता येईल अशी तरतूद होती. महिना 10 रुपयांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्या पालकांना फी नव्हती. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा ही अपेक्षा गोखल्यांनी भाषणात सांगितली. विधेयकात मात्र वाटणी नियमांवर सोडली. इंग्लंड-आयर्लंडमधले कायदे त्यांच्यासमोर होते आणि बडोद्याचा अनुभवही. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचा प्रयोग सुरू केला होता आणि 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानात नेला होता.

विधेयक अभिप्रायासाठी फिरले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. 18 मार्च 1912 रोजी ते सिलेक्ट कमिटीकडे पाठवावे असा प्रस्ताव आला आणि दोन दिवस चर्चा झाली. मालवीय, जिना आणि मझहरुल हक यांनी पाठिंबा दिला. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, स्वेच्छेने शिक्षण पसरवायला अजून वाव आहे, हे सरकारी बाजूचे म्हणणे होते. मलिक उमर हयात खान यांच्यासारखे जमीनदार सभासदही विरोधात गेले. 19 मार्चला मतविभागणी झाली: बाजूने 13, विरुद्ध 38.

मत कोणत्या प्रश्नावर पडले, हे इथे फार महत्त्वाचे आहे. कायदा करावा की नाही, यावर ते नव्हते. मसुद्याची छाननी तरी करावी का, एवढाच प्रश्न होता, आणि त्यालाही नकार मिळाला. विधेयक टिकणार नाही हे गोखल्यांनी चर्चेतच मान्य केले होते. तरी मत घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

बिनसरकारी सभासदाचे विधेयक म्हणजे पराभवच, असेही नव्हते. जिनांनी त्याच 1911 साली मांडलेले मुसलमान वक्फ विधेयक 1913 मध्ये कायदा झाले. त्याचा खजिन्यावर भार पडत नव्हता आणि सरकारची हरकत नव्हती. प्रकार एकच, सभागृहही तेच. फरक सरकारी बाकांच्या इच्छेचा होता.

1913 च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावात सक्तीचे तत्त्व नाकारून प्राथमिक शाळा वाढवण्याचे मान्य केले गेले. गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी गेले. तीन वर्षांनी मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांचे विधेयक संमत झाले आणि मुंबई शहर वगळून इलाख्यातल्या म्युनिसिपालट्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला हा असा पहिलाच कायदा. सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थेवर सोडण्याची त्याची रचना 1911 च्या मसुद्याशी नाते सांगणारी होती. 1919 मध्ये पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल आणि बिहार-ओरिसा, तर 1920 मध्ये मध्यप्रांत व मद्रास यांनी आपापले कायदे केले. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने इलाख्यातल्या लोकल बोर्डांनाही या व्यवस्थेत आणले.