पाळण्यापाशी रुजलेला धर्म

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलीचाही. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. रमाबाई संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या विदुषी. त्यांच्या निर्णयामागे वाचन होते, वाद होते, एकटेपणाचे दुःख होते. मुलीच्या वाट्याला मात्र तो निर्णय आयता आला. आईच्या धर्मांतरावर पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले आणि पुढे अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. पण त्या चिमुरडीने प्रार्थना कोणत्या भाषेत करायची, आजी कुणाला म्हणायचे, आपली माणसे कुणाला मानायचे, हे प्रश्न इतिहासात कडेलाच राहिले. महाराष्ट्र आणि गोव्यातला ख्रिस्ती धर्म ‘आपला’ झाला तो मुख्यतः याच प्रश्नांच्या उत्तरांतून, असे मला वाटते. धर्म आला जहाजातून, पसरला पाद्र्यांच्या आणि छापखान्यांच्या बळावर. रुजला मात्र घरात, लहान मुलाला निजवताना, भरवताना, नाव ठेवताना.

रमाबाईंचा पत्रव्यवहार याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. या एका हाकेत धर्मगुरू आणि शिष्या हे नाते मराठी घरातल्या नात्यात बसवलेले दिसते. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात गेल्या आणि मनोरमा बराच काळ मठातल्या सिस्टरांच्या छायेत राहिली. तेव्हा आई आणि आजीबाई यांच्यात मतभेद झाले ते या मुलीवरून. तिला धर्माचे कोणते शिक्षण द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आई म्हणून आपलाच आहे, असे रमाबाईंनी ठणकावून सांगितले. मुलीने आपल्या देशबांधवांत त्यांच्यातलीच एक म्हणून वाढावे, परकी किंवा वरचढ म्हणून नव्हे, आणि आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगताना तिला संकोच वाटू नये, अशी इच्छा त्यांनी पत्रातून कळवली. मठाच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. आपल्या लोकांना न कळणाऱ्या लॅटिनऐवजी संस्कृत का नको, असाही त्यांचा सवाल होता. क्रूसावरची अक्षरे आणि लेकीचे संगोपन हे त्यांच्या लेखी एकाच वादाचे दोन भाग होते: श्रद्धा स्वीकारायची, पण ती बोलायची आपल्या भाषेत.

हा वाद नवा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. ही गरज ओळखून त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी एक नव्हे, पण दोघींचे गोत्र एक. दळताना आणि बाळाला झोके देताना जो छंद कानी पडे, त्याच्याच नात्यातल्या छंदात येशूची कथा आली. मात्र सत्तेला ही सोयरीक फार काळ मानवली नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. 1736 मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांतल्या रीतींची लांबलचक यादी करून त्यांना मनाई केली. लग्नातल्या ओव्या, हळद, तुळस, धोतर, चोळी, बिनमिठाचा शिजवलेला भात आणि मूल जन्मल्यानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण, असे सगळे त्या यादीत होते. दोनशे वर्षे ख्रिस्ती असलेल्या घरांतही सटवी बाळाचे भाग्य लिहायला येते ती रात्र आया-बाया जागून काढत होत्या, हेच त्या मनाईवरून सिद्ध होते.

यावर कुणी म्हणेल की हे तर जुन्या धर्माचे अवशेष. यात ख्रिस्ती श्रद्धा कुठे आहे? इन्क्विझिशनचाही आक्षेप हाच होता. पण या बायका चर्चला जात होत्या, मुलांचे बाप्तिस्मे करत होत्या, सायंप्रार्थना म्हणत होत्या. अर्भके भराभर दगावत अशा काळात सहाव्या रात्री बाळाजवळ जागे राहणे ही आधी काळजी आहे, मग पूजा. त्या काळजीला जुना आकार होता. नव्या श्रद्धेने त्यात आपला देव आणला. घरातल्या माणसाला यात विसंगती दिसत नाही, कारण घर सिद्धांताने चालत नाही, सवयीने आणि मायेने चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धर्म टिकला तो चर्च, शाळा, अनाथाश्रम आणि छापखान्यांमुळे, घराला इतके श्रेय कशाला? त्याला वसईचा इतिहास उत्तर देतो. 1534 पासून पोर्तुगीजांकडे असलेला हा मुलूख 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकला. राजसत्ता गेली, युरोपीय पाद्री गेले. मोजक्या चर्चांवर आणि स्थानिक पाद्र्यांवर सारा भार पडला. ख्रिस्ती राहण्यात लाभ उरला नव्हता, तरी वसईची ख्रिस्ती गावे ख्रिस्ती राहिली आणि घरात सामवेदी, वाडवळी अशा आपल्या बोलीच बोलत राहिली. आश्रय नसताना श्रद्धा पुढच्या पिढीकडे जाते, तेव्हा ती पोचवणारे हात घरातच शोधावे लागतात.

अहमदनगरची कथा वेगळी, आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथेच लागते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तिथे ठाणे उभारले. पण एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्यासाठी घर बहुधा जोडले जात नसे, तुटत असे. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन दूर राहिल्या. पाचेक वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. धर्मानेच घर मोडले असेल, तर घराने धर्म रुजवला हे कसे म्हणायचे? लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ याचे उत्तर देते. लक्ष्मीबाईंचा बदल व्याख्यानाने झालेला नाही. सोवळे, पाणी, कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या हातचे नाही, या रोजच्या अडथळ्यांशी झगडत, जातिभेद माणसाने केला आहे हे त्यांना स्वतःलाच उमगले. मोडलेले घर त्यांनी पुन्हा उभे केले, त्यात परक्या लेकरांना आणि बालकवींसारख्या तरुणाला जागा दिली. कृष्णराव सांगळ्यांनी आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांच्या भजनांनी ती घराघरांत नेली. छापलेले पद पुस्तकातच राहू शकते. आईच्या तोंडून रोज कानावर पडणारे पद मूल अक्षरओळख होण्याआधीच म्हणू लागते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. घर सगळेच जपते, चांगले तसे वाईटही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत जात टिकली, सोयरिकी जात पाहूनच होत राहिल्या. व्यासपीठावरून समतेचा उपदेश झाला तरी पंगतीला भेद उरले. मुलाला अंगाईबरोबर उच्चनीचताही पाजली जाते. म्हणून घराचा गौरव करताना त्याची झडतीही घ्यायला हवी. पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो: दुरितही जिथे इतके खोल मुरते, तीच श्रद्धेचीही खरी जमीन.

रमाबाईंना हे ठाऊक होते. वाँटेजला बाप्तिस्मा झालेली ती अडीच वर्षांची मुलगी परदेशात हरवली नाही. मोठी होऊन ती आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. 1921 मध्ये मनोरमा गेली, पुढच्या वर्षी रमाबाई. त्या दरम्यान आपण उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करत होत्या, साध्यासुध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत. चाळीस वर्षांपूर्वी लॅटिन क्रूसापाशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे स्वतःच लिहून ठेवले, आणि ते ज्यांच्या हाती दिले त्या बायकांच्या मांडीवर पुढची पिढी होती.